मूठभर जोंधळ्यांची कहाणी

ऐक गं जिवतीमाते, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. वाती वळा, पण तोंड मिटून वळा. पारू, तू अशी पुढं ये. तुझी लेक सोमवारी पलटणीत निघायची, म्हणून आज नेहमीची पोथी बाजूला ठेवलीय आणि ही काढलीय. कान देऊन ऐक.

आटपाट गाव होतं. नगर म्हणायला जीभ धजत नाही, एवढंसंच होतं. पण घरटी एक शिपाई होता. ज्याच्या घरी शिपाई नाही, त्याला पंगतीत मागं बसवत. त्या गावात एक गवंडी होता, त्याचं नाव केरबा. त्याच्या बायकोचं नाव धुरपदा. केरबानं साऱ्या गावाच्या भिंती बांधल्या. शाळेची बांधली, देवळाची बांधली, पाटलाच्या गोठ्याची बांधली. ओळंबा सोडला की सूतभर इकडं नाही, सूतभर तिकडं नाही. पण स्वतःच्या अंगणाला भिंत नव्हती. शेळ्या येत, तुळस खाऊन जात. धुरपदा म्हणे, "अहो, चार विटा आपल्यालाही लावा की." केरबा म्हणे, "बघू." वीस वर्षं नुसतं बघणंच चाललं होतं.

त्यांना एकुलता एक लेक. संग्राम त्याचं नाव. तो भरतीत उतरला. धावला, उडी मारली, छाती फुगवली, यादीत नाव लागलं. गावानं पेढे खाल्ले. बाप हसला नाही, रडलाही नाही. परातीतला माल थापीनं उगाच खालीवर करीत राहिला.

निघायचा दिवस आला. धुरपदेनं ओवाळलं, हातावर दही घातलं. लेक म्हणाला, "येतो गं आई." पाया पडला, उंबरा ओलांडला. आता मागून हाक मारू नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आईचा जीव! ती म्हणाली, "अरे थांब, लाडू राहिले." तो माघारी आला, लाडू घेतले, निघाला. मग ती म्हणाली, "अरे थांब, कानटोपी राहिली." तो माघारी आला, कानटोपी घेतली, निघाला. वळणाशी पोचला, तशी तिनं तिसरी हाक मारली, "संग्राम, थांब रे!" तो धावत आला. "काय गं आई?" तिला काही सांगायचंच नव्हतं. नुसती तोंडाकडं बघत राहिली. तेवढ्यात एस.टी. सुटली. मग कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून त्यानं ती पुढच्या फाट्यावर गाठली. शेजारणी कुजबुजल्या, "तीनदा हाक मारली गं बाई, आता कसं व्हायचं!" ते धुरपदेच्या काळजात रुतून बसलं.

छावणी सात डोंगरांपलीकडं होती. तिथला नियम कडक होता. फोन कुलपात ठेवायचा. रविवारी दुपारी हातात मिळायचा, तोही पाच मिनिटं. सहावं मिनिट नाही.

पहिला रविवार आला. फोन वाजला. धुरपदा म्हणाली, "जेवलास का रे?" आणि तिला हुंदका फुटला. दुसरा रविवार आला. ती म्हणाली, "तुझ्यावाचून घास उतरत नाही," आणि रडली. तिसरा रविवार आला, तेव्हा पहिल्या मिनिटापासून पाचव्यापर्यंत नुसती रडली. लेक दर वेळी विचारी, "आई, आबा कुठंत?" आबा समोरच असत. ते हातानं खुणावत, 'नाही म्हण.' ती म्हणे, "कामावर गेलेत रे." मग केरबा उठे, घरामागं जाई आणि चुन्याच्या पोत्यावर बसून राही.

इकडं रडणं झालं, तिकडं काय झालं? पहिल्या आठवड्यात संग्राम धावण्यात पुढं होता. दुसऱ्या आठवड्यात मधे आला. तिसऱ्या आठवड्यात शेवटी राहिला. शिकवणारा उस्ताद ओरडला, "पायांना काय दगड बांधलेत?" दगड नव्हते. आईचं रडणं कानात बसलं होतं.

मग एक दिवस दारात म्हातारी कासारीण आली. डोक्यावर बांगड्यांची टोपली, कपाळाला आडवं कुंकू. "बांगड्या भर गं बाई." धुरपदा म्हणाली, "मला कशाच्या बांगड्या आजी, माझा लेक दूर गेलाय." म्हातारी म्हणाली, "दूर गेलाय ना? मग तोंडाला सुतक कशाला लावलंस?" धुरपदेला राग आला. मग रडू आलं. मग तिनं सारं सांगितलं. तीनदा हाक मारली, अपशकुन केला, आता माझ्या पोराचं कसं होईल?

म्हातारी म्हणाली, "हाकेनं काही होत नाही गं. झालंच तर तुझ्या रडण्यानं होईल. मी तुला वसा सांगते, तो घे." धुरपदा म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही." म्हातारीनं सांगितलं, "रविवारी न्हाऊन-धुऊन मुठीत जोंधळे घ्यावेत. फोन वाजला की मूठ आवळावी. ये म्हणू नये, कधी येशील म्हणू नये, डोळ्यांत पाणी आणू नये. घरातली एक खरी गोष्ट सांगावी. शेळी व्याली सांगावं, आमटी खारट झाली सांगावं. फोन ठेवला की अंगणात यावं, जोंधळे चारी दिशांना टाकावेत. 'जिथं माझं लेकरू, तिथं त्याला सुख' म्हणावं. आणि मग बसून पोटभर रडावं. रडायला बंदी नाही, पण त्याच्या कानात रडू नये. हा झाला आईचा अर्धा वसा."

"आणि उरलेला अर्धा?"

"तो बापाचा. आईनं रडू गिळावं, बापानं गिळलेलं बोलावं." असं म्हणून तिनं टोपली उचलली. धुरपदा पाणी आणायला आत गेली, बाहेर येते तर म्हातारी नाही. पुढच्या आळीत विचारलं, कुणी कासारीण पाहिली नव्हती.

चौथा रविवार आला. धुरपदेनं मूठ आवळली आणि म्हणाली, "शेळीनं परत तुळस खाल्ली रे." लेक हसला. किती दिवसांनी हसला! फोन ठेवून ती अंगणात आली, जोंधळे टाकले आणि ढसाढसा रडली. पाचवा रविवार आला, तसंच केलं. चिमण्यांना वार कळायला लागला. रविवारी दुपारी कौलांवर येऊन बसत, मेल्या!

पण केरबा? तिनं त्याला वसा सांगितला, हात जोडले, रागावली, एक दिवस भाकरीसुद्धा वाढली नाही. त्याचं एकच, "मला काय बोलायचंय? तू बोलतेस ना, तेवढं पुरे." आता अर्धा वसा तो अर्धाच की. अर्धी भिंत वारा अडवते का?

सहावा रविवार उजाडला. केरबा शाळेच्या नव्या खोलीवर कामाला गेला होता. फोन वाजला. संग्रामचा आवाज बारीक झाला होता. "आई, आबा माझ्यावर रागावलेत का गं? सहा आठवडे झाले, एकदा बोलले नाहीत. मी शेवटी राहतो, ते त्यांना कळलं असणार. आई, मला इथं राहवत नाही. मागची भिंत बुटकी आहे. आज संध्याकाळी उडी टाकतो आणि घरी येतो."

आता धुरपदेनं काय म्हणावं? 'ये' म्हणावं तर वसा मोडतो, लेक पळपुटा होतो. 'येऊ नको' म्हणावं तर पोर म्हणेल, आईलाही नको झालो. मुठीतले जोंधळे तळव्यात रुतले. ती म्हणाली, "बाळा, फोन ठेवू नको. काही झालं तरी ठेवू नको." आणि ती पळत सुटली.

एक मिनिट गेलं. पदर पडला, उचलला नाही. दुसरं मिनिट गेलं. पायातली चप्पल चिखलात राहिली, काढली नाही. माणसं विचारतात, "काय झालं गं? कुणाला काय झालं?" ती थांबत नाही. शाळेपाशी आली. केरबा वर परांचीवर होता, हातात थापी, पुढ्यात भिंत. ती खालून ओरडली, "अहो, लेकाशी बोला!" त्यानं खुणावलं, 'नाही म्हण.' ती म्हणाली, "आज नाही म्हणायची नाही!" आणि ती परांचीवर चढली. लुगड्यातली बाई, एका हातात फोन, एका मुठीत दाणे, कशी चढली तिचं तिला ठाऊक. खाली मजूर जमले, पारावरची म्हातारी माणसं जमली. तिसरं मिनिट गेलं.

तिनं फोन त्याच्या कानाला लावला. "लेक भिंतीवरून उडी टाकायची म्हणतोय," ती म्हणाली. केरबाच्या हातातली थापी खाली पडली.

"आबा?" लेक म्हणाला. "आबा, तुम्ही आहात का?"

केरबानं फोन आपल्या हातात घेतला. मग तो बोलला, "आहे रे बाळा. मी तुझ्यावर रागावलो नाही. मला तुझ्याशी बोलायला तोंड नव्हतं. ऐक. गावाला वाटतं, माझी छाती भरली नाही म्हणून पलटणीनं परत पाठवलं. खोटं आहे ते. माझी छाती भरली होती. तू आहेस ना, त्याच छावणीत मी होतो. तेराव्या दिवशी माझ्या आईचं पत्र आलं, जीव राहत नाही म्हणून. मी मागच्या भिंतीवरून उडी टाकली आणि पळून आलो."

खाली मजुरांनी माना वर केल्या. धुरपदेनं परांचीचा बांबू धरला. वीस वर्षं संसार केला आणि हे तिला आज कळत होतं.

"आबा..."

"थांब, वेळ नाही. तुला यायचं असलं तर ये. पण गेटातून ये. साहेबापुढं उभा राहा, 'मला जमत नाही' म्हणून सांग, कागदावर सही कर आणि दिवसाढवळ्या गेटातून ये. तसा आलास तर मी फाट्यावर उभा असेन, तुला खांद्यावर घेऊन गावात आणीन. जमत नाही म्हणण्यात लाज नाही रे. पण भिंतीवरून येऊ नको. भिंतीवरून आलेला माणूस घरी पोचत नाही बाळा. मी अजून पोचलो नाही. दुसऱ्याची भिंत बांधताना मला पोट दिसतं. स्वतःच्या अंगणाची बांधायला घेतली की तीच भिंत दिसते."

तेवढ्यात फोन तुटला. पाच मिनिटं भरली होती. लेकानं काय ऐकलं, किती ऐकलं, कुणाला ठाऊक!

त्या दिवशी घरी आल्यावर धुरपदा म्हणाली, "इतकी वर्षं मला का नाही सांगितलंत?" केरबा म्हणाला, "तू माहेरी निघून गेली असतीस." ती म्हणाली, "दोन दिवस गेले असते, आले असते." मग दोघंही रडली. एकत्र रडली, पहिल्यांदा. गावात दोन दिवस 'पळपुटा, पळपुटा' अशी कुजबुज झाली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाचा तरी विषय निघाला.

सातवा रविवार आला. धुरपदेनं मूठ आवळली. या वेळी केरबाही शेजारी बसला, त्यानंही मूठ आवळली. फोन वाजला नाही. दुपार टळली, ऊन ओसरीवरून उतरलं. तरी तिनं जोंधळे चारी दिशांना टाकले. आठवा रविवार आला. फोन वाजला नाही. पळाला असता तर एव्हाना घरी पोचला असता. पोचला नाही, म्हणजे काय झालं? भिंतीवरून पडला? कोठडीत घातला? पायाला लागलं, डोक्याला लागलं? एस.टी. आली की केरबा फाट्यावर जाऊन उभा राही. रिकामी गेली की माघारी येई. धुरपदा वाटीतले दाणे हातात घेई, परत वाटीत टाकी.

नववा रविवार आला. फोन वाजला. दोघांनी एकदम धरला.

"आई, आबांना दे."

"मीच आहे रे, मीच आहे. बोल."

"आबा, मी त्या संध्याकाळी भिंतीपाशी गेलो होतो. हात लावला. बुटकी होती, सहज जमलं असतं. मग तुमचं बोलणं आठवलं. माघारी फिरलो आणि गेटाशी जाऊन उभा राहिलो. पहारेकरी म्हणाला, बाहेर जायचंय का? मी म्हटलं, जायचं झालं तर इथूनच जाईन. आज नाही. दुसऱ्या दिवशी आम्हाला रानात मुक्कामाला नेलं, तिथं फोन नव्हता. आबा, शपथेची परेड ठरलीय. तुम्ही दोघं या. आणि आबा, गेटातून या."

मग धुरपदा आणि केरबा निघाली. सात डोंगर ओलांडले, छावणीच्या गेटाशी आली. आत बँड वाजत होता. केरबाचे पाय थबकले. एक पाऊल पुढं, दोन पावलं मागं. "तूच जा," तो म्हणाला, "मी इथंच झाडाखाली थांबतो." आणि पाठ फिरवून चालू लागला.

धुरपदेनं मागून हाक मारली. "अहो, थांबा! लेकानं तुम्हाला बोलावलंय!" मागून हाक मारू नये म्हणतात. इथं मारली, बरं झालं. तो थांबला, माघारी वळला.

पहारेकऱ्यानं वही पुढं केली. "नाव?"

"केरबा."

"कोण तुम्ही?"

केरबानं छावणीच्या मागच्या भिंतीच्या दिशेनं एकदा पाहिलं. मग मान वर केली आणि म्हणाला, "रिक्रूट संग्रामचा बाप."

पहारेकऱ्यानं टाचा जुळवल्या, सलाम ठोकला आणि मोठं गेट उघडलं. केरबा आत गेला.

गावी आल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं? अंगणाला भिंत घातली. ओळंबा सोडून, सुतात. भिंतीला फाटक ठेवलं आणि फाटकाला कुलूप ठेवलं नाही. त्या फाटकातून लेक रजेवर येतो, त्याच फाटकातून जातो. जाताना धुरपदा हाक मारीत नाही. मुठीत जोंधळे धरून उभी राहते. तो वळणाआड गेला की चारी दिशांना टाकते, मग पायरीवर बसून पोटभर रडते. आता केरबाही शेजारी बसतो.

जशी जिवतीमाता धुरपदेच्या मुठीला बळ झाली, केरबाच्या तोंडी खरं बोलणं झाली, तशी ज्यांची ज्यांची लेकरं दूर आहेत त्या साऱ्यांना होवो. पारू, तुला आधी होवो. हे घे, मूठ पुढं कर. ही साठ दिवसांच्या धाकाची कहाणी, पाच मिनिटांच्या बोलण्यानं सुफळ संपूर्ण.