दिवस मावळायच्या आत

दोष थोरल्यांचा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर ऐकणारे सगळं जनावरावर ढकलून मोकळे होतात.

फार जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाला दगडी वेस होती, आणि वेशीला लागून असलेल्या सगळ्यांत मोठ्या घरात गावाचा म्होरक्या राहायचा. लोक त्याला थोरले म्हणायचे. 'थोरले आले, थोरले बसले' असं मान देऊन बोलायचे. आपण साधं म्हातारा म्हणू. वय सोडलं तर थोर असं त्याच्यात काही नव्हतं.

त्या गावात एक रीत होती. काही बेवारस सापडलं की दवंडी पिटायची: ज्याचं असेल त्यानं दिवस मावळायच्या आत येऊन न्यावं. कुणी आलं नाही तर ते पोरकं ठरायचं, आणि जे पोरकं ते थोरल्यांचं. रीत वाडवडिलांनी घातली होती, म्हणजे त्याच्याच वाडवडिलांनी. रानात गुराख्याची म्हैस चुकायची. तो धापा टाकत गावात पोचेपर्यंत ती म्हाताऱ्याच्या गोठ्यात रवंथ करत असायची.

"वेळेत यायचं होतंस," म्हातारा म्हणायचा. ओट्यावर बसलेली बाकीची वडीलधारी मंडळी माना हलवायची. मान हलवायला त्यांना कधी उशीर झाला नाही.

एका चैत्रात गावची बायामाणसं पहाटे मोहाची फुलं वेचायला निघाली. रानात शिरताना ढोल वाजवायचे, म्हणजे फुलं खायला आलेली अस्वलं दूर जातात. त्या दिवशी झाडाखाली एक अस्वलीण होती, पाठीवर पिल्लू घेऊन. आवाजानं बिथरून ती घळीकडे धावली आणि पिल्लू पाठीवरून निसटून पडलं. सगळ्यांनी पाहिलं. ती घळीच्या तोंडाशी थांबून मागे वळली, तेही पाहिलं. पण माणसं पुष्कळ होती आणि कुत्री सुटली होती.

म्हाताऱ्याची लेक त्या बायकांत होती. नवरा पुरात वाहून गेल्यापासून ती तान्ह्या मुलीसह बापाकडेच राहायची.

"ते तिथंच राहू द्या," ती म्हणाली. "आपण हललो की ती येऊन नेईल."

तोवर कुणीतरी पिल्लू टोपलीत घातलं होतं.

म्हातारा खूश झाला. "पलीकडच्या गावचा म्होरक्या दारात मोर पाळून मिरवतो," तो ओट्यावरच्या मंडळींना म्हणाला. "मोर म्हणजे काय, नटलेली कोंबडी. माझ्या दारात अस्वल उभं राहील."

मंडळी पोट धरून हसली. मग एकजण हळूच म्हणाला, "पण थोरले, याची आई जिती आहे म्हणतात."

"मग पिटा दवंडी. जिती असेल तर येईल."

दवंडीवाला गावभर फिरला. ज्याचं असेल त्यानं दिवस मावळायच्या आत येऊन न्यावं.

लेक ओट्यापाशी आली. "आबा, अस्वलीण दवंडी ऐकून येणार आहे का?"

"गावात राहायचं तर गावाची रीत पाळावी लागते."

"ती गावात राहत नाही."

"तिचं पिल्लू राहतं ना आता."

"ढोल नि कुत्री असताना ती दिवसाउजेडी कशी येईल? अंधारून आल्यावर येईल."

"तेव्हा उशीर झालेला असेल," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

पिल्लानं दुधाला तोंड लावलं नाही. वाटी पुढे सरकवायला लेक वाकली, तेव्हा ते तिच्या पाठीवर चढलं, नखं लुगड्यात रुतवली आणि तिच्या मानेत तोंड खुपसून गप्प झालं. तिची मुलगीही तशीच झोपायची. मग ती त्याला तसंच घेऊन दिवसभर घरात वावरली.

संध्याकाळी म्हातारा ओट्यावर उभा राहिला. सूर्याची कड डोंगराआड गेली.

"पोरकं," तो म्हणाला. सगळ्या माना हलल्या.

अजून नीट अंधारही पडला नव्हता. वेशीबाहेरून कण्हण्यासारखा आवाज आला, आणि दाराच्या लाकडावर नखं ओढली गेली. भालेवाले वेशीवर चढले. म्हातारा आणि मंडळीही चढली.

"थोरले, ती आली," भालेवाला म्हणाला.

"कोण ती? पिल्लाला कुणी नाही. आत्ताच ठरलंय."

लेकीनं मुलीला पाळण्यात ठेवलं. वेशीच्या मोठ्या दारात एक छोटं दार होतं, त्याचा अडसर काढला आणि पाठीवर पिल्लू घेऊन ती बाहेर पडली. अस्वलिणीसमोर थोड्या अंतरावर तिच्याकडे पाठ करून उकिडवी बसली.

"घे बाई. तुझं आहे."

कण्हणं थांबलं. अस्वलीण हुंगत हुंगत जवळ आली. पिल्लानं मान वर केली आणि लुगड्यातलं एक नख सोडवलं.

आणखी थोडा वेळ मिळता तर गोष्ट इथंच संपली असती.

म्हाताऱ्याला वरून पिल्लू दिसत नव्हतं, लेक दिसत नव्हती. भर गावासमोर आपला शब्द मोडलेला तेवढा दिसत होता. "मारा," तो म्हणाला.

"थोरले, ताई खाली आहेत."

"मी अस्वल मारायला सांगतोय. ताईला नाही."

मंडळी शेजारीच उभी होती. गावातल्या प्रत्येक पोरीनं कसं बसावं, कसं बोलावं, हे सांगणारी तोंडं ती. त्यातलं एकही उघडलं नाही.

भाला अस्वलिणीच्या खांद्यात घुसला. भाला कुठून आला ते जनावराला कळत नाही, समोर कोण आहे तेवढंच कळतं. तिनं एकदाच पंजा मारला. मग उरलेले भाले पडले.

दिवेलागणीला दोघी आया वेशीसमोर पडल्या होत्या. पिल्लू एकीच्या पाठीवर चढत होतं, उतरत होतं, मग दुसरीच्या पाठीवर चढत होतं.

आता ते खरोखरच पोरकं झालं. पाळण्यातली मुलगीही झाली. जे पोरकं ते थोरल्यांचं, तेव्हा रीतीप्रमाणे दोन्ही त्याचीच.

मंडळी सांत्वनाला आली. नशीब म्हणाली, जनावराची जात म्हणाली. म्हातारा सगळ्यांना सांगायचा, "ती वेळेत आली असती तर." पिल्लू दारातल्या खांबाला बांधून ठेवलं होतं. त्यानं काही खाल्लं नाही आणि ते मेलं.

मुलगी वाढली, बोलायला लागली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की आई बाहेर गेलीय. ती रोज संध्याकाळी वेशीत जाऊन उभी राहायची आणि विचारायची, "आबा, दिवस मावळायच्या आत येईल ना?" म्हातारा उठून घरात जायचा.

ज्याची आई जिती आहे त्याला पोरकं म्हणू नये. तो शब्द खरा करायला निघालं की आधी आपल्याच घरात खरा होतो.

म्हाताऱ्याला एकच लेक होती. ती गेली.