शेंड्यासकट ऊस

“तेवढं एकच सांगा, महाराज. आजचा विधी ऊसच होता ना?”

महाराज काही बोलले नाहीत.

बस्तीच्या, म्हणजे गावातल्या जैन मंदिराच्या, ओवरीत दुपारची सामसूम होती. महाराज पाटावर बसले होते, शेजारी मोरपिसांची पिच्छी. समोर सन्मती मगदूम मांडी घालून बसला होता खरा, पण त्याचा गुडघा काही केल्या थांबत नव्हता.

“हो की नाही, एवढंच.”

“…”

“तुम्ही आमच्या दारात थांबला होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

महाराजांनी पिच्छीनं समोरची फरशी हळूच झाडली. तिथून एक मुंगी चालली होती. ती खांबापर्यंत जाईतो ते तिच्याकडंच बघत राहिले.

सन्मती आणखी पुढं सरकला.

सन्मती पुण्याला फायनान्समध्ये मास्टर्स करत होता. शेवटचं वर्ष, आणि प्रबंधाची तोंडी परीक्षा आठवड्यावर आलेली. बाजारातल्या भावांचा अंदाज आधीच बांधता येतो, असा त्याचा दावा. त्यासाठी त्यानं संगणकावर एक मॉडेल बसवलं होतं. जुने भाव घातले की ते झकास चालायचं. पण मार्गदर्शक बाई खमक्या होत्या. “मगदूम, पडून गेलेल्या पावसाचं भाकीत कुणीही करील,” त्या म्हणाल्या. “न पडलेल्याचं एकदा तरी बरोबर सांगून दाखवा, मगच माझी सही.”

तेव्हापासून त्याची झोप उडालेली. दिवाळीला गावी आला, पण लाडू घशाखाली उतरेना. जेवता जेवता उठायचा, अंगणात चार येरझाऱ्या घालायचा, पुन्हा येऊन पडद्याला चिकटायचा.

घरात आईची तऱ्हा वेगळी. गावात दिगंबर मुनींचा चातुर्मास होता, आणि अख्ख्या चातुर्मासात मगदुमांच्या घरी महाराजांचा आहार काही झाला नव्हता. दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत ते अन्न घेतात. निघण्यापूर्वी मनात एक अट धरतात. कुणाच्या हातात नारळ दिसला तर, कुणाच्या हातात कलश दिसला तर. त्यालाच विधी म्हणायचं. जिथं तो जुळेल तिथंच आहार, नाही जुळला तर उपास. विधी आधी कुणाला सांगत नाहीत, आहार झाल्यावर मात्र सांगतात. म्हणून रोज सकाळी गल्लीतल्या बायका आपापल्या दारात काहीबाही हातात घेऊन उभ्या राहायच्या. सन्मतीची आई, रत्नाबाईही राहायच्या. महाराज रोज पुढं निघून जायचे. बाई रोज दार लोटून घेऊन म्हणायच्या, “आपलं पुण्य कमी पडलं.”

सन्मतीच्या डोक्यात वीज चमकली ती इथं. न पडलेला पाऊस दारातच होता की!

गल्लीभर फिरून त्यानं बायकांना विचारून घेतलं. कुठल्या दिवशी कुठला विधी, आदल्या दिवशी उपास होता का, तिथी कुठली. बायकांना सगळं तोंडपाठ. ते सारं त्यानं मॉडेलला चारलं आणि काल दिवेलागणीला उत्तर आलं… ऊस. शेंड्यासकट.

“आई, उद्या ऊस धर. शेंडा तोडू नको.”

“आता ऐन वेळेला ऊस कुठनं आणू रं?”

“आण की कुठनंतरी,” तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

सकाळी तो आईजवळ उभा राहिला नाही. समोरच्या चौगुल्यांच्या माडीवर चढून मोबाइल धरून बसला. तिथून अख्खी गल्ली दिसते. उजव्या हाताची बोटं खांद्याला लावून, नजर जमिनीवर ठेवून महाराज आले. नारळ गेला, कलश गेला, डाळिंबं गेली. आणि मगदुमांच्या दारात पावलं थांबली.

सन्मतीनं माडीवर हवेत मूठ उडवली. जमलं!

रत्नाबाईंच्या तोंडून “नमोस्तु महाराज, नमोस्तु” बाहेर पडतंय तोवर महाराजांची नजर पुन्हा खाली गेली. क्षणभर तसेच उभे राहिले. मग वळले आणि सरळ बस्तीत परतले. आज आहार नाही. गल्लीतून एकच हळहळ उठली. रत्नाबाई तिथंच खाली बसल्या.

सन्मती माडीवरून धावत उतरला. आईपाशी नव्हे, आत संगणकापाशी. आकडेमोड दोनदा तपासली. कुठं काही चुकलं नव्हतं. दुपार झाल्यावर तो इथं आला होता, आणि उद्याचा आहार झाला की महाराजांचा विहार होता. पुढचं गाव, पुढची वाट. एवढं एक उत्तर मिळालं नाही तर आपण मार्गदर्शक बाईंपुढं काय तोंड घेऊन जायचं, याच एका विचारानं त्याला पोखरलं होतं.

“महाराज, माझं वर्ष अडकलंय यात.”

“उपास मला घडलाय,” महाराज शांतपणे म्हणाले. “तळमळ तुझी चाललीय.”

सन्मतीचा चेहरा उतरला. महाराज कालपासून उपाशी आहेत, पाण्याचा घोटही उद्यापर्यंत नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण डोक्यातला भुंगा गप्प बसेना.

“चित्रण आहे माझ्याकडं,” तो मोबाइल पुढं करत म्हणाला. “तुम्हीच बघा. थांबलाय का नाही?”

“तू बघितलंस?”

“शंभरदा.”

“काय दिसलं?”

“ऊस दिसला. तुम्ही थांबलेले दिसला.”

“अजून?”

“अजून काय असणार?”

“पुन्हा बघ… या खेपेला ऊस सोडून बघ.”

सन्मतीनं नाइलाजानं बोट टेकवलं. चित्र हललं. गल्ली, दार, आई. नजर सवयीनं उसाकडंच धावली. त्यानं ती ओढून काढली.

आई उंबऱ्याच्या आत सरळ उभी नव्हती. एका खांद्यानं चौकटीला टेकली होती. एका हातानं ऊस पेलत होती, दुसऱ्यानं चौकट घट्ट धरली होती. डाव्या पायाची टाच वर उचललेली. लुगड्याचा काठ त्या पायावर ओढून घेतलेला, तो जरा सरकला होता. आणि उंबऱ्याच्या पांढऱ्या रांगोळीत…

त्यानं चित्र थांबवलं. बोटांनी मोठं केलं.

रांगोळी लाल झाली होती.

रक्त दिसलं की मुनींना त्या दिवशी अन्न वर्ज्य, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सन्मतीलाही होतं. आकड्यांच्या तक्त्यात रक्ताला रकाना नव्हता, एवढंच.

“…कशानं लागलं तिला?”

उत्तर यायच्या आधीच पोराला एकेक आठवू लागलं. पहाटे मागचं दार वाजलं होतं. सोवळं म्हणून ती अनवाणी गेली असणार. ओढ्यापलीकडं मळीच्या, गाळाच्या रानात नुकतीच उसाची तोड झाली होती आणि बांधाला चार ऊस उभे राहिले होते. तोडलेल्या उसाची बुडखी भाल्यासारखी टोकदार असतात, अंधारात दिसत नाहीत. आपण जागेच होतो. दार वाजलेलं ऐकून आपल्याला बरं वाटलं होतं, की चला, ऊस येतोय.

सकाळपासून पाच-सहा तास तो त्याच घरात होता. ती चुलीपाशी पाय पोटाशी घेऊन बसली होती, तेही त्यानं बघितलं होतं. विचारलं काहीच नव्हतं.

गुडघा हलायचा थांबला.

त्यानं मोबाइल बंद करून खिशात टाकला. बाहेर चिमण्या कालवा करत होत्या.

“महाराज,” तो म्हणाला, “उद्या शेवटचा दिवस. ती उद्यापण उभी राहणार. तसल्या पायानं. कितीही सांगितलं तरी ऐकायची नाही.”

“हं.”

“विधी विचारत नाही मी. ते मॉडेलपण चालवत नाही. पण उद्या मी तिच्याबरोबर दारात उभा राहणार.”

महाराजांनी पहिल्यांदाच वर बघितलं.

“मला यातलं काही कळत नाही, महाराज. मी काय धरू?”

“…”

“नारळ? कलश?”

महाराजांनी पिच्छी उचलली, उठले, आणि आत जाता जाता म्हणाले,

“आईला धर.”