कोरड्या पूर्णेतला बाप्तिस्मा

पूर्णा नदी जिथे बाभूळबनाला वळसा घालून पश्चिमेकडे कलते, तिथे लोणवाडी नावाचे गाव आहे. ही सगळी खारपाणपट्ट्यातली जमीन. विहीर कितीही खोल न्या, पाणी खारेच लागायचे. त्यात डाळ शिजत नाही आणि तहान भागत नाही. अशा गावात योहान खंडारे नावाचे पाळक बाप्टिस्ट मंडळीची सेवा करीत असत. लोक त्यांना खंडारेबाबा म्हणत. बाबांचे शिक्षण बेताचे, आवाज बारीक, उपदेश लहान. पण ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळले असेल, त्या घराच्या उंबऱ्याशी बाबा बसलेले दिसायचे. ते फारसे बोलत नसत. त्यांच्या बसण्यानेच घराला धीर यायचा.

बाबांना गावोगाव उपदेशाला नेणारी बैलगाडी पुंजाजींची होती. बाबा ख्रिस्ती मंडळीच्या देवळात किंवा पारावर बोलायचे आणि पुंजाजी बैल सोडून गाडीच्या सावलीत बसून ऐकायचे. वर्षानुवर्षे त्यांनी असेच बाहेर बसून ऐकले. मंडळीतले लोक थट्टा करायचे, "पुंजाजी, तुमचे बैल पाण्यात उतरतील, पण तुमी उतरत नाई!" पुंजाजी हसून तंबाखू मळायचे. त्यांच्या बायकोने त्यांना शपथ घातली होती, मी जिवंत आहे तोवर बाप्तिस्मा घ्यायचा नाही. त्यांनी ती पाळली. बाबांनीही कधी भीड घातली नाही. ती गेली, तिचा वर्षाचा विधी झाला आणि पुंजाजी बाबांकडे येऊन म्हणाले, "आता मले पाण्यात घ्या, बाबा."

दिवस ठरला. त्याच्या आधीच पुंजाजींना लकव्याचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचा गेली. आणि त्या साली पूर्णाही आटली.

त्यांची एकुलती लेक द्रुपदा सासरहून आली, ती बापाच्या खाटेपाशीच राहिली. ती बापाला दादा म्हणायची. सकाळ-संध्याकाळ त्यांना कुशीवर वळवायची, पाठीवरच्या जखमा पुसायची. पडून पडून पाठ ठिकठिकाणी सोलली होती. ओला फडका लागला की दादांचा चांगला हात खाटेची दोरी आवळायचा, तेवढ्यावरून तिला कळायचे. वैद्याने हात टेकले होते.

एक दिवस चुलता दाराशी आला. आत आला नाही. म्हणाला, "द्रुपदे, तुह्या बापानं आमच्या पंगतीतून उठून तिकडं बस्तान मांडलं. आता माती बी तिकडूनच घे."

ती मिशनच्या कारभाऱ्याकडे गेली. तो हळहळला, पण म्हणाला, "बाई, आमच्या कबरस्थानात सभासदालेच जागा असते. बाप्तिस्मा झाला नाई त्यायचा."

अशी गत झाली. बाप अजून श्वास घेत होता आणि त्याला कोणाचा म्हणून पुरायचे, हे ठरत नव्हते. द्रुपदाला स्वर्ग-नरकाचे काही कळत नव्हते. बापाला बेवारशी मातीत जाऊ द्यायचे नाही, एवढेच तिला कळत होते.

त्याच आठवड्यात लोणवाडीला पाळकांची वार्षिक सभा भरली. आसपासच्या मंडळ्यांचे पाळक जमले. कोणी कोणाच्या मुलाबाळांची चौकशी करीत होते, कोणी गेल्या वर्षी वारलेल्या सोबत्याची आठवण काढीत होते. एकाच चटईवर बसून जेवणे चालली होती. सभेचे अध्यक्ष रेव्हरंड एझ्रा उमाळे शहरातून आले होते. मोठे विद्वान, व्याख्यान असे की लोक श्वास धरून ऐकत. उमाळेसाहेबांना ते ठाऊकही होते.

द्रुपदा देवळाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. बाबा जेवता जेवता उठले, तिचे ऐकून घेतले आणि सभेपुढे म्हणाले, "बंधूंनो, माझ्या गाडीवानाला बाप्तिस्मा द्यायचा आहे. वेळ थोडा आहे."

उमाळे म्हणाले, "खंडारे, आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. आधी स्वतःच्या तोंडाची साक्ष, मग मंडळीची संमती, मग पाणी. यातले तुमच्याकडे काय आहे?"

बाबा म्हणाले, "माणूस आहे, साहेब."

चौघांनी पुंजाजींना खाटेसकट उचलून देवळात आणले. उमाळे खाटेजवळ वाकले. मोठ्याने विचारले, "पुंजाजी, तुम्ही प्रभूला आपला तारणारा मानता काय?"

पुंजाजींचे ओठ हलले. "आं... आं..." एवढेच निघाले आणि लाळ गळ्यावर आली.

उमाळे सरळ उभे राहिले. म्हणाले, "ही साक्ष कोणत्या भाषेतली आहे, कोणी सांगेल का?"

दोघेतिघे हसले. फार मोठ्याने नाही. द्रुपदाने पदराने बापाची लाळ पुसली. ते हसणे तिने ऐकले, आणि दादांनीही ऐकले, हे त्यांच्या डोळ्यांवरून तिला दिसले.

बाबा म्हणाले, "त्याने माझे उपदेश मलासुद्धा आठवत नाहीत इतके ऐकले आहेत. त्याची साक्ष मी देतो."

"उसनी साक्ष चालत नाही, हे मी तुम्हाला शिकवायचे का?"

एक तरुण पाळक चाचरत म्हणाला, "साहेब, आजाऱ्याची गोष्ट आहे. डोक्यावर थोडे पाणी शिंपडले तर..."

कोणी वेदीपाशी बिडी पेटवावी, तसे सगळे त्याच्याकडे बघू लागले. उमाळे म्हणाले, "शिंपडायला आपण काय भाजीपाला विकायला बसलो आहोत? आपण बुडवणारे लोक. सबंध माणूस पाण्याखाली गेला पाहिजे. आणि नदीत तर चिमणीला प्यायला थेंब नाही. बाप्तिस्म्याने तारण होत नाही, खंडारे. मग ही घाई कशाला? पाऊस पडल्यावर बघू."

पावसाला अजून फार अवकाश होता. तोवर खाट रिकामी होणार, हे देवळातल्या प्रत्येकाला कळत होते.

बाबा आपल्या मंडळीकडे वळले. "तुम्ही सांगा. ज्यांना पुंजाजी आपला वाटतो, त्यांनी हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही. लोक दुष्ट नव्हते. पाळकांचा संघ रागावला तर बाबांना इथून हलवतील, ही त्यांना धास्ती. बाबांच्या मायेपोटीच त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले. माणसे मायेपोटीही केवढा अन्याय करतात, पाहा!

बाबा म्हणाले, "मंडळी नाही म्हणाली तर नाही. मी मंडळीच्या वर नाही. पण खड्डा खणायला मंडळीचे मत लागत नाही."

त्यांनी भिंतीला टेकवलेले फावडे उचलले आणि ऐन वैशाखाच्या उन्हात नदीकडे चालू लागले.

नदीच्या पात्रात झिरा खणायची रीत सगळीकडे आहे. वाळू उपसली की खाली कुठेतरी ओल लागते, पाणी झिरपते. पण लोणवाडीचे लोक झिरा खणायचे सोडून बसले होते. कष्ट करून शेवटी मिठाचेच पाणी, ते कशाला? बाबा पात्राच्या मध्यावर थांबले, एक माणूस लांब अशी रेघ फावड्याने ओढली आणि खणायला लागले.

द्रुपदा मागोमाग पोचली. ती संतापली होती. "बाबा, काय करता तुमी? त्यायची पाठ सोलून गेली हाये. खारं पाणी लागलं तं जीव तडफडन त्यायचा! मले बाप्तिस्मा नको. मले फकस्त मातीपुरती जागा द्या."

बाबा थांबले. घाम पुसला. "माय, जागा माझ्या हातात असती तर कधीच दिली असती. आणि पाणी खारे निघेल की गोड, तेही माझ्या हातात नाही. तू मला विचारू नको. तुझ्या दादाला विचार."

ती देवळात परतली. खाटेशी बसून बापाच्या कानाशी म्हणाली, "दादा, बाबा नदीत खड्डा खणून रायले. पाणी खारं लागन. लय आग होईन पाठीची. तरी जाचं?"

पुंजाजींनी चांगल्या हाताने तिचे मनगट धरले. इतक्या दिवसांत तसा जोर त्या हाताला आला नव्हता. धरलेले मनगट त्यांनी दाराच्या दिशेने ओढले आणि सोडले नाही.

द्रुपदा उठली. खाटेचा एक खूर तिने स्वतः उचलला. दुसऱ्याला तो तरुण पाळक आला. तिसऱ्याला कारभारी, चौथ्याला तायडे नावाचे एक जाडजूड पाळक, जे मघाशी हसणाऱ्यांतले होते.

खाट काठावरच्या बाभळीखाली ठेवली. खाली बाबा गुडघाभर खड्ड्यात होते. तायड्यांनी कोट काढून फांदीला अडकवला आणि म्हणाले, "सरका बाबा, तुमच्या वेगाने खणाल तर पुढच्या सभेपर्यंत होईल." मग एकेक करून बाकीचे पाळक उतरले. ज्याला फावडे मिळाले नाही तो हातांनी वाळू लोटू लागला. मंडळीतल्या बायका टोपल्या घेऊन आल्या.

उमाळे छत्री धरून काठावर उभे राहिले. म्हणाले, "खंडारे, हा बाप्तिस्म्याचा हौद आहे की कबर?"

बाबांनी वर पाहिले. "साहेब, कबरच आहे. बाप्तिस्मा म्हणजे पुरणे आणि उठणे, हे मी तुमच्याच तोंडून ऐकले. मला तेवढे एकच व्याख्यान नीट कळले."



वाळू काळी झाली. मग ओली. मग बाबांच्या पायाच्या बोटांशी पाणी चमकले. ते झिरपले नाही, आले! बाजूची वाळू न ढासळता पाणी संथपणे वर चढत गेले, घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत, माणूस निजला तर झाकला जाईल इतके, आणि तिथे थांबले.

कोणी जयजयकार केला नाही. पाणी खारेच निघणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. द्रुपदा खड्ड्याच्या कडेला गुडघे टेकून बसली. तिने ओंजळ भरली. तिने पाणी जिभेला लावले.

मग ती पुन्हा प्याली. सबंध ओंजळ प्याली.

"गोड हाये," ती म्हणाली. कोणी ऐकले नाही असे वाटून पुन्हा म्हणाली, "बाबा, गोड हाये पाणी."

बाबांनी डोळे मिटले, ओठ हलले. मग ते मंडळीकडे वळून म्हणाले, "तुमच्या संमतीवाचून मी अजूनही काही करणार नाही. बोला."

वाळूने माखलेले हात वर झाले. बायकांचे, पाळकांचे, कारभाऱ्याचे. काही हातांतून रक्त येत होते.

पुंजाजींना चौघांनी पाण्यात उतरवले. बाबा म्हणाले, "पुंजाजी, तुमच्या विश्वासावरून मी तुम्हाला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." मानेखाली हात घालून त्यांनी त्यांना मागे निजवले. पाणी तोंडावरून गेले. द्रुपदा बापाच्या चांगल्या हाताकडे पाहत होती. तो हात काही आवळण्यासाठी शोधेल म्हणून ती वाट पाहत होती. तो उघडाच राहिला, पाण्यावर.

चमत्कार म्हणजे मरण टळणे, असे ज्यांना वाटते त्यांना ही कथा अपुरी वाटेल. पुंजाजी वाचले नाहीत. पाण्यातून उठवल्यावर त्यांनी डोळे उघडून लेकीकडे पाहिले, बाबांकडे पाहिले. बाभळीखाली खाटेवर निजवले तेव्हा ते शांत होते. पाळक भोवती बसले. उन्हे उतरायच्या आत श्वास लांबत लांबत थांबला. आता त्यांना कोणाचे म्हणून पुरायचे, हा प्रश्न उरला नव्हता. त्यांची पाठ पुसताना त्या दिवशी पहिल्यांदाच द्रुपदाला घाई करावी लागली नाही.

आता उमाळे खाली उतरले. बूट वाळूत रुतत होते. खड्ड्याशी जाऊन त्यांनी पाणी घेतले, जिभेवर ठेवले. छत्री वाऱ्याने दूर गेली, ती कोणी आणली नाही.

मग ते आले ते थेट बाबांच्या पायांवर वाकले. बाबांनी पाय मागे घेतले.

"इथे नाही, साहेब," बाबा म्हणाले. "ज्याची साक्ष तुम्हाला ऐकू आली नाही, तो तिकडे आहे."

उमाळे खाटेकडे वळले. पायथ्याशी द्रुपदा बापाचे पाय धरून बसली होती. एवढा मोठा माणूस तिच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मी तुझ्या बापाला हसलो."

माफ केले, असे द्रुपदा म्हणाली नाही. तिने बापाच्या एका पायावरचा आपला हात तेवढा काढून घेतला आणि थोडी बाजूला सरकली.

त्या मोकळ्या झालेल्या, अजून ओल्या असलेल्या पावलावर उमाळ्यांनी कपाळ टेकले. "बंधू पुंजाजी," ते म्हणाले.