दगड कोणी सरकवला?

निंबसरच्या राजे उदाजीरावांना गोल्फमध्ये हार ठाऊक नव्हती, कारण त्यांच्याशी कोणी खेळतच नसे. वैशाखातल्या एका दुपारी त्यांचा चेंडू जिथे पडला, तिथे त्यांनी पांढरा दगड रोवून घेतला.

पौषातल्या सकाळी मात्र चेंडू दगडाच्या बराच अलीकडे पडला. दुसरा मारला, तोही तिथेच. राजे कडाडले, "आमचा फटका कमी पडणं शक्य नाही. दगडच लांब सरकवलाय. त्या माळ्याला राज्याबाहेर हाकला!"

मैदान राखणारा सटवाजी माळी हात जोडून उभा राहिला. दरबाऱ्यांनी माना डोलावल्या.

राजांच्या आत्यासाहेब शेजारीच शेगडीवर हात शेकत होत्या. शेगडीजवळ उबेला ठेवलेला एक चेंडू त्यांनी पुढे केला. "हा मारा बघू."

चेंडू आधीच्या दोन्हींना मागे टाकून थेट दगडापाशी गेला.

"बघा, हा आमचा फटका!" राजे खुलले.

"फटका तुमचाच. पण एवढ्यात दगड जवळ कोणी आणला? सटवाजी तर इथेच उभा आहे."

राजांनी दगडाकडे पाहिलं, मग सटवाजीकडे.

"तुम्ही दोन शाली पांघरून आलात," आत्यासाहेब म्हणाल्या, "आणि चेंडू रात्रभर दवात उघडे. गारठलेला गडी कुठवर धावणार?"

"पण आमचा हुकूम सुटलाय. कोणाला तरी हाकलावंच लागेल!"

"मग थंडीला हाकला. होळीपर्यंत हुकूम तामील होईल."