तुळसाचे आठशे रुपये

रानाच्या कडेला, करवंदीच्या जाळ्यांपलीकडे, तुळसाचं इवलंसं घर होतं. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई तीन आठवडे अंथरुणाला खिळली होती. तिच्या छातीत पाणी झालं होतं. वैद्यबुवा म्हणाले, "शहरातल्या दवाखान्यात न्यायला हवं. आठशे रुपये तरी लागतील. उशीर केलात तर हातातून जाईल."

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, मला तर रागच येतो. तेवढेच पैसे आईचे तिच्या भावाकडे होते. दोन वर्षांपूर्वी दिगंबरमामाला बत्ताशांचं दुकान काढायचं होतं, तेव्हा आईने आपल्या सोन्याच्या पाटल्या मोडून त्याला पैसे दिले होते. ना कागद, ना सही. भावाकडून का कुणी सही घेतं?

आणि आता आईला मागवत नव्हतं. "मागितले तर माझं माहेर तुटेल गं," ती म्हणायची. "तू आपली सहज जाऊन ये. माझी तब्येत सांग. तो समजेल."

तुळसा चार वेळा सहज जाऊन आली. दर वेळी मामी आधी पाण्याचा तांब्या पुढे करायची, मग साजूक तुपातला शिरा, मग वाटेसाठी दोन बत्तासे. ज्यांचा शिरा पोटात गेला त्यांच्यापुढे पैशांचं तोंडातून निघणार कसं? मामा म्हणायचा, "ताईला म्हणावं, काळजी घे." झालं.

चौथ्या वेळी परत येताना तुळसा मामाच्या परसबागेतून निघाली. उन्हं कलली होती. गुलबक्षीची गुलाबी, पिवळी, पांढरी फुलं नुकती उमलत होती. एक फूल मात्र मातीत पडलं होतं, आणि त्यात करंगळीएवढी परी अडकली होती. जरीसारखे चमचमणारे तिचे पंख लाल मुंग्यांनी धरले होते.

तुळसाने दोन्ही बत्तासे आईसाठी राखले होते. तिने ते मुंग्यांपुढे कुस्करले. मुंग्या तिकडे धावल्या आणि परी सुटली.

"तुझी एक इच्छा पुरी करीन," परी पंख झटकत म्हणाली. "पण नवे पैसे मला करता येत नाहीत."

"मग मामाला आमच्या पैशांची आठवण होऊ दे."

परीचा चेहरा उतरला. "त्याला रोज आठवण होते, बाळ. इच्छा वाया घालवू नकोस."

"मग त्याच्याकडे द्यायला पैसे येऊ देत."

"आहेत."

तुळसाला वाटलं होतं, मामा विसरला असेल किंवा अडचणीत असेल. ती खूप वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, "मला मागता येऊ दे."

"येईल," परी म्हणाली. "पण नियम आहे. पैसे हातात पडेपर्यंत त्या घरातलं काही घ्यायचं नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही."

परी तिच्या खांद्यावर बसली आणि तुळसा माघारी वळली.

मामीने तांब्या पुढे केला. घशाला कोरड पडली होती, तरी तुळसा म्हणाली, "नको मामी."

मामीचा हात तसाच राहिला. पाहुण्याने पाणी नाकारलं म्हणजे काय, ते त्या घरात सगळ्यांना कळत होतं. मामा पाक ढवळायचा थांबला.

"मामा, आईच्या पाटल्यांचे पैसे न्यायला आले."

"ताईने पाठवलं का तुला?"

"आई सहज जा म्हणाली होती. मागतेय मी."

"पुढच्या महिन्यात बघू."

"पुढच्या महिन्यात आई नसेल, मामा."

मामी हळूच म्हणाली, "द्या हो." मामाने फळीवरचा डबा काढला. डबा नोटांनी भरलेला होता. त्याने आठशे मोजले आणि तिच्यापुढे टाकले.

"सांग तुझ्या आईला, या घरी तिचं आता कुणी नाही."

तुळसाने एकेक नोट उचलली. घरी पोचेपर्यंत ती रडली नाही.

आईने पैसे पाहिले. "दिगंबर काय म्हणाला?"

तुळसाने जे घडलं ते सांगितलं. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

"मी चुकले का, आई?"

आई कुशीवर वळली. मग आईने तिला जवळ ओढलं. "चुकले मी, पोरी. मी मरायला तयार झाले होते, पण मागायला नाही. तुझा विचारच केला नाही मी."

खिडकीत बसलेली परी उठली. तिच्या पंखांतून गुलाबी, पिवळा, पांढरा उजेड सांडला, भिंतींवर चढला, आईच्या सुकलेल्या चेहऱ्यावर पसरला. आणि उजेडातच परी विरून गेली.

आई कोपर टेकून, धापा टाकत उठून बसली. "जा, गाडीवाल्याला सांगून ये," ती म्हणाली. "म्हणावं, आईला दवाखान्यात जायचंय."