खांदा खाली आणणारा स्नायू

"माझं नाव तुम्हीच कापलंत?"

तालमीच्या हौदातली लाल माती जिन्नाप्पा वस्ताद कुदळीनं उकरत होते. मान वर न करता ते म्हणाले, "व्हय, मीच."

धैर्यशीलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जत्रेतली पहिल्या नंबरची कुस्ती, आणि पत्रिकेवर त्याच्या जागी कालच्या पोराचं नाव. दोन वर्षं शहरात राहून, व्यायामाचा कोर्स करून त्यानं शरीर कमावलं होतं. नुसती मान बघून गावातली पोरं बाजूला व्हायची. आणि हे म्हातारं "व्हय, मीच" म्हणून पुन्हा माती उकरायला लागलं होतं. हा अन्याय नाही तर काय?

"का पण?"

"पाठ कच्ची हाय तुजी."

आता हद्द झाली. धैर्यशीलनं सदरा काढून फेकला आणि पाठ फिरवली.

"याला ट्रॅपिझियस म्हणतात, वस्ताद. कवटीच्या मागून निघतो, कण्याला धरून पार बरगड्यांच्या शेवटच्या मणक्यापर्यंत उतरतो, आणि दोन्हीकडं खांद्याच्या हाडांना धरतो. माझ्याएवढा तालुक्यात कुणाचा असेल तर दाखवा."

"काम काय त्येचं?"

"वरचा भाग खांदा उचलतो. मधला मागं ओढतो. खालचा खाली आणतो." पाठांतर खडखडीत होतं.

"मग आण खाली."

"काय?"

"खांदा."

म्हातारा थट्टा करतोय, असं धैर्यशीलला वाटलं. "खालीच आहे," तो गुरगुरला.

वस्तादांनी कुदळ ठेवली. हात झटकत ते जवळ आले आणि त्यांनी धैर्यशीलच्या काखेत पंजा सरकवला. खांदा एवढा वर चढलेला, की खाली सगळा दरवाजा उघडाच होता. अख्खा हात आत गेला. वस्तादांनी नुसती कंबर वळवली...

नव्वद किलोंचा पैलवान मातीत उताणा पडला. सत्तरी उलटलेल्या माणसाला धापसुद्धा लागली नव्हती.

"बेसावध धरलंत मला!" धैर्यशील उठून बसत ओरडला. ओरडताना खांदे पुन्हा कानाला भिडले, आणि या वेळी ते त्याचं त्यालाच कळलं.

त्यानं ते खाली आणायची खटपट केली. वजनं उचलून दगड झालेला वरचा भाग सोडायला तयार नव्हता. खालचा भाग तर पाठीत कुठं आहे, हेच त्याला सापडेना. कोर्सच्या परीक्षेत याच प्रश्नाला त्याला पैकीच्या पैकी मार्क होते.



"दोन वर्षं घातली मी, वस्ताद." धैर्यशील मातीतूनच म्हणाला. "माझी कुस्ती काढून घेतलीत. मग राग येणार नाही का मला?"

वस्तादांनी पुन्हा कुदळ उचलली.

"यायचाच की. पर त्येला बसाया खांदा कशाला देतोस?"