पाककृती नसलेली चिठ्ठी

फार जुनी गोष्ट, म्हणजे परवाचीच. पण जिवाणूंच्या तेवढ्यात कित्येक पिढ्या झाल्या. एका जिवाणूच्या पोटात रायबा नावाचा आचारी होता. जनुकांकडून आरएनएची चिठ्ठी आली की तिच्यावर लिहिलेलं प्रथिन तो रांधायचा. कोठारात काय उरलंय, हे विचारायची त्याला सवयच नव्हती.

एकदा कोठारातलं लोह संपत आलं. तरी लंबाताई नावाची लांबलचक चिठ्ठी ठसक्यात आली. "रायबा, लोहाचं प्रथिन कर. लोह घालताना हात आखडू नकोस!"

तिच्यामागून चिटकी नावाची बोटभर चिठ्ठी धावत आली. लोह आटलं की अशाच चिठ्ठ्या निघत.

लंबाताई फिसकन हसली. "अगं, तुझ्यावर एकही पदार्थ लिहिलेला नाही. आचाऱ्याकडे तुझं काय काम?"

"त्यांच्याकडे नाही, ताई. तुमच्याकडेच आहे," म्हणत चिटकी तिच्या पहिल्या ओळीला घट्ट चिकटली.

रायबा वैतागला. "सुरुवातच दिसेना. वाचू काय, माझं कपाळ?"

"मधूनच वाच!" लंबाताई ओरडली.

"आमच्या घराण्यात कुणी मधून वाचलेलं नाही," म्हणत रायबा हात पुसून बसला.

इतक्यात नकोशा चिठ्ठ्या फाडून टाकणारी झाडूवाली आली. तिने त्या चिकटलेल्या जोडीचे तुकडे तुकडे केले.

"मूर्खे, तूही चाललीस की!" लंबाताई किंचाळली.

"चालले ना," चिटकी म्हणाली, "पण तुम्हाला घेऊन."

उरलेल्या लोहावर जिवाणू तगला. रायबा मात्र अजून सगळ्यांना सांगतो, "त्या टंचाईत मी किती जपून रांधलं म्हणून सांगू!"